आपली अक्षरं, दुसऱ्याचं कुलूप

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

परवा आमच्या गावच्या वाचनालयाचे कार्यवाह दुकानात आले. हातात पिवळा पडलेला लिफाफा, त्यात एक सीडी आणि सहा फ्लॉप्या. म्हणाले, "अण्णा, २००० सालची अमृतमहोत्सवी स्मरणिका तुमच्याकडेच टाइप झाली होती ना? यंदा शंभरी आहे. त्यातला मजकूर घेऊन नवीन अंक काढायचाय."

झाली होती, माझ्याकडेच. १४० पानं. त्यात वाचनालयाच्या पहिल्या महिला सभासदांपैकी एका आजींच्या आठवणी होत्या. टेप लावून, थांबवून, पुन्हा मागे घेऊन मी त्या स्वतः उतरवल्या होत्या. आजी कधीच्या गेल्या. टेप कुठे गेली कुणाला माहीत नाही. छापील प्रत वाचनालयाकडे एकच उरली आहे आणि तिची मधली पानं वाळवीने खाल्लीत. म्हणजे जे काही शिल्लक आहे ते या सीडीत.

नशिबाने सीडी वाचली गेली. फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस, उलटे स्वल्पविराम यांचा नुसता चिवडा! कार्यवाह माझ्याकडे बघतायत, मी पडद्याकडे.

ज्यांनी त्या काळात डीटीपी केलंय त्यांना कारण लगेच कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. त्या वेळच्या मराठी फाँटमध्ये संगणक 'क' म्हणून काही साठवत नव्हता. तो साठवायचा इंग्रजीचं एखादं अक्षर किंवा चिन्ह, आणि फाँट त्या जागी 'क'चं चित्र काढायचा. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धं अक्षर वेगळं. कुठल्या चिन्हावर कुठला तुकडा बसवायचा हे ज्या त्या कंपनीचं ज्याचं त्याचं. तो फाँट नाही तर मजकूर नाही. आणि तो फाँट चालायचा एका सॉफ्टवेअरबरोबर, ते सॉफ्टवेअर चालायचं संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावलेल्या डोंगलवर. आम्ही त्याला नुसतं 'लॉक' म्हणायचो. लॉक काढलं की सॉफ्टवेअर बंद.

लॉक माझ्याकडे अजून आहे, ड्रॉवरमध्ये. ते लावायचं २५ पिनांचं पोर्ट आजच्या कुठल्याच संगणकाला नाही. कंपनीला फोन केला (नाव कशाला घ्या, त्यांचंही बरोबर असेल), तर उत्तर आलं: ती आवृत्ती केव्हाच बंद झाली, नवीन घ्या, पण जुन्या फायली उघडतीलच याची खात्री नाही.

आता हिशेब बघा. आठवणी आजींच्या. स्मरणिका वाचनालयाची. टाइपिंग माझं. सॉफ्टवेअर मी रोख पैसे मोजून, बिल घेऊन विकत घेतलेलं. तरीही शेवटचा शब्द कुणाचा, तर ज्याने या मजकुरात एक अक्षरही लिहिलेलं नाही त्याचा.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर लोक म्हणतील अण्णा साळसूदपणा करतोय. त्या काळात आमच्या धंद्यात क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं सर्रास फिरायची. एक सीडी यायची आणि अख्ख्या तालुक्यात पसरायची. मराठीचं सॉफ्टवेअर मी विकत घेतलं होतं, पण पानं लावायचं इंग्रजी सॉफ्टवेअर माझ्याकडे कुठून आलं हे विचारू नका. कंपन्या लॉक लावायच्या ते आमच्यासारख्यांमुळेच. बनवणाऱ्याने पोट कसं भरायचं हा प्रश्न खोटा नाही.

आणि हाच प्रश्न या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. थोडं मागे जाऊ.

१९६० च्या दशकात सॉफ्टवेअर ही वेगळी विकायची वस्तूच नव्हती. खोलीभर आकाराचं यंत्र घ्यायचं, प्रोग्राम त्याच्यासोबत यायचे. विद्यापीठांत, प्रयोगशाळांत लोक एकमेकांचे प्रोग्राम घ्यायचे, सुधारायचे, परत द्यायचे. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला आणि त्याच वर्षी जूनमध्ये आयबीएमने जाहीर केलं की यंत्राची आणि सॉफ्टवेअरची किंमत आता वेगवेगळी लावली जाईल. तिथून सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा झाला.

मग आलं १९७६. अल्टेअर नावाचा, छंदी लोकांनी घरी जोडायचा छोटा संगणक तेव्हा निघाला होता. त्याच्यासाठी बेसिक ही भाषा लिहिली होती दोन पोरांनी, बिल गेट्स आणि पॉल ॲलन. लोक त्या बेसिकच्या प्रती काढून एकमेकांना वाटायचे. ३ फेब्रुवारी १९७६ ला गेट्सने छंदी संगणकवाल्यांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं असं की अल्टेअरवाल्यांपैकी १० टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतलंय, आम्ही वापरलेल्या संगणकाच्या वेळेचीच किंमत ४०,००० डॉलरच्या वर जाते आणि मिळालेल्या पैशांत आमच्या मेहनतीला तासाला २ डॉलरही पडत नाहीत. सरळ चोर म्हटलं त्याने लोकांना. वय २०.

या पत्राची पुढे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी बरीच टर उडवली. मला मात्र ते वाचताना आमची ती तालुकाभर फिरणारी सीडी आठवते. मुलगा खोटं बोलत नव्हता.

कायदा तेव्हा चाचपडत होता. प्रोग्राम म्हणजे नक्की काय? पुस्तक? यंत्र? गणित? अमेरिकेने १९८० मध्ये कायदा दुरुस्त करून प्रोग्रामला कॉपीराइटमध्ये बसवलं. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि प्रोग्राम 'साहित्यकृती' या व्याख्येत गेला. म्हणजे कायद्याच्या नजरेत कादंबरी आणि टॅलीचा प्रोग्राम शेजारीशेजारी. हसू येतं, पण पुढचं सगळं या एका निर्णयावर उभं आहे, हे लक्षात असू द्या.

याच सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक प्रिंटर अडकायचा. गोष्ट प्रसिद्ध आहे, पण आमच्या प्रिंटिंगवाल्यांना ती जास्त भिडते. झेरॉक्सने भेट दिलेला लेझर प्रिंटर. कागद अडकला की कुणाला पत्ता नाही, लोक वरच्या मजल्यावरून खाली येऊन बघतात तर रांग तशीच. रिचर्ड स्टॉलमन तिथे प्रोग्रामर होता. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्याने सोय करून ठेवली होती: कागद अडकला की ज्यांचं काम रांगेत आहे त्यांना निरोप जायचा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मिळेना. तो ज्याच्याकडे होता अशा दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाला त्याने जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, देणार नाही असं मी लिहून दिलंय.

स्टॉलमनने सप्टेंबर १९८३ मध्ये जाहीर केलं की युनिक्ससारखी अख्खी प्रणाली नव्याने लिहायची आणि सगळ्यांना खुली ठेवायची. नाव ग्नू. जानेवारी १९८४ मध्ये त्याने नोकरी सोडली. पोटासाठी ईमॅक्स या आपल्या एडिटरची टेप १५० डॉलरला विकायला लागला. होय, विकायला! 'मुक्त' म्हणजे 'फुकट' नव्हे, हे पहिल्या दिवसापासून.

इथे एक प्रसंग घडला, त्याकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही. ईमॅक्समध्ये पडद्यावर मजकूर दाखवणारा काही भाग जेम्स गॉस्लिंगच्या ईमॅक्समधून आलेला होता. (हा तोच गॉस्लिंग, पुढे ज्याने जावा केली.) त्याचा कोड आधी मोकळा फिरत होता, मग त्याने तो एका कंपनीला विकला आणि कंपनीने स्टॉलमनला अडवलं. त्याला तो भाग काढून नव्याने लिहावा लागला. म्हणजे नुसतं 'घ्या, वापरा' म्हणून मोकळं सोडलेलं उद्या कुणी कुंपण घालून आपलं करू शकतं. गायरानाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

मग उपाय काय? कॉपीराइट सोडून द्यायचा? स्टॉलमनने उलटं केलं. कॉपीराइट घट्ट धरला. लेखकाच्या हातात कायद्याने हक्क दिला आहे की माझ्या परवानगीशिवाय प्रत काढायची नाही, बदल करायचा नाही, वाटायचं नाही. ठीक. मग मी परवानगी देतो, अटीवर देतो. प्रत काढा, बदला, विका, काही म्हणणं नाही. फक्त पुढे ज्याला द्याल त्याला सोर्स कोडही द्या आणि मी तुम्हाला दिले तेच हक्क द्या. अट मोडली की परवानगी संपली, आणि मग तुम्ही साधे कॉपीराइट मोडणारे. याला नाव पडलं कॉपीलेफ्ट. ही अट सर्वसाधारण परवान्याच्या रूपात फेब्रुवारी १९८९ मध्ये आली, तो जीपीएल. दुसरी आवृत्ती जून १९९१ ची.

आपल्याकडे बरेच लोक, शिकलेले लोकही, समजतात की ओपन सोर्स म्हणजे बौद्धिक संपदेला विरोध. अहो, कॉपीराइट उद्या रद्द झाला तर जीपीएल त्याच दिवशी कागदाचा तुकडा होईल. गेट्सच्या पत्रामागे जो कायदा उभा आहे, तोच स्टॉलमनच्या परवान्यामागे उभा आहे.

लिनस टॉरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची बातमी दिली, तेव्हा त्याचा परवाना वेगळा होता. पैसे घेऊन वाटायला मनाई होती. १९९२ च्या सुरुवातीला त्याने तो बदलून जीपीएल घेतला. लिनक्सवर कंपन्यांना धंदा करता येऊ लागला तो या बदलामुळे.

आणि हा कागद कोर्टात टिकतो का? २००३ मध्ये लिंकसिस कंपनीच्या एका निळ्या-काळ्या वायफाय राउटरमध्ये लिनक्स आहे आणि कोड दिलेला नाही, हे लोकांनी शोधून काढलं. ओरड झाली, कंपनीला कोड खुला करावा लागला. त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला आणि आजही जुन्या राउटरना तो जिवंत ठेवतो. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने नेटफिल्टरच्या एका लेखकाच्या बाजूने एका कंपनीविरुद्ध मनाई हुकूम दिला. टिकतो.

कॉपीराइटचं एवढं कौतुक का करतोय, तर त्याचा जुळा भाऊ भेटला की कळेल. पेटंट.

फरक साधा आहे. कॉपीराइट तुमच्या मांडणीला राखतो, कल्पनेला नाही. दुसऱ्या कुणी तुमचं न बघता, स्वतःच्या डोक्याने तेच काम करणारा प्रोग्राम लिहिला तर तुम्ही त्याला अडवू शकत नाही. याचं सगळ्यात मोठं फळ आपण सगळ्यांनी खाल्लंय. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी काढला. त्यातला बायोस हा प्रोग्राम कॉपीराइटखाली. कॉम्पॅक आणि फिनिक्स या कंपन्यांनी काय केलं? एका गटाने बायोस काय काय करतो ते तपासून लिहून काढलं, आणि ज्यांनी मूळ कोड पाहिलेलाच नाही अशा दुसऱ्या गटाने ते वाचून नवीन बायोस लिहिला. कायदेशीर! तिथून स्वस्त क्लोन आले, आणि माझ्या दुकानातला पहिला 'असेंबल्ड' पीसी हा त्याच वंशातला.

पेटंटमध्ये हा मागचा दरवाजाच नाही. पद्धतच कुणाच्या तरी मालकीची. तुम्ही स्वतः शोधली असली तरी अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं हात लावायचा नाही.

गिफ चित्रांचं उदाहरण घ्या, रोज सकाळी तुम्ही गुलाबाची फुलं हलवत पाठवता ती. चित्र आक्रसून लहान करायची एलझेडडब्ल्यू नावाची पद्धत आहे. लेम्पेल आणि झिव या इस्रायली संशोधकांचं मूळ काम, त्यावर वेल्च याने सुधारणा केली आणि १९८४ मध्ये ती एका मासिकात छापली. लोकांनी वाचली, वापरली. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्हने तिच्यावर गिफ बेतलं. पेटंटचा अर्ज आधीच गेलेला होता हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. गिफ जगभर पसरल्यावर, डिसेंबर १९९४ च्या अखेरीस जाहीर झालं की युनिसिस कंपनीचं यावर पेटंट आहे आणि गिफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी आता परवाना घ्यायचा. ज्याने स्वतः एकेक ओळ लिहून प्रोग्राम फुकट वाटला होता, तो काय घेणार? त्याला किती प्रती वाटल्या हेच माहीत नाही. वैतागून लोकांनी नवा प्रकार बनवला, पीएनजी. अमेरिकेतलं ते पेटंट जून २००३ मध्ये संपलं तेव्हा कुठे मुक्त प्रोग्राममध्ये गिफ बिनघोर परत आलं.

म्हणजे बघा, जीपीएलवाला कॉपीराइटवर जगतो आणि पेटंटपुढे मरतो. दोन्हीला 'बौद्धिक संपदा' या एकाच टोपलीत घालून चर्चा केली की नेमकं हेच हरवतं.

गंमत म्हणजे हे खुद्द गेट्सला कळलं होतं. मे १९९१ मध्ये कंपनीतल्या वरिष्ठांना पाठवलेल्या टिपणात त्याने लिहिलं होतं की आज वापरात असलेल्या बहुतेक कल्पना सुचल्या तेव्हाच जर लोकांनी पेटंटं घेतली असती तर हा उद्योग आज ठप्प असता. अर्थात त्याच टिपणातला त्याचा सल्ला होता की आता आपणही पेटंटं गोळा करूया. धंदेवाईक माणूस.

आता आपल्याकडे या.

२००२ साली पेटंट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ३(के) आलं. गणिती किंवा व्यावसायिक पद्धत, 'पर से' संगणक प्रोग्राम, किंवा अल्गोरिदम हा शोध धरला जाणार नाही, म्हणजे पेटंट नाही. 'पर से' म्हणजे निव्वळ, आपण होऊन. दोन शब्द, पण वकिलांची पिढी जगेल एवढे.

२८ मे २००३ ला राष्ट्रपती कलाम पुण्यात होते, एका माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या कार्यक्रमात. आदल्या वर्षी बिल गेट्स त्यांना भेटून गेला होता. कलामांनी त्या भाषणात सांगितलं की सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेवर बोलताना मी ओपन सोर्सचा विषय काढला आणि आमचे मतभेद झाले. आणि शंभर कोटी लोकांच्या भल्यासाठी ओपन सोर्स या देशात मोठ्या प्रमाणावर यायला हवं. राष्ट्रपतीने एका कंपनीच्या मालकाशी मतभेद झाल्याचं जाहीर सांगावं, हे तेव्हाही नवल होतं.

आणि मग डिसेंबर २००४. त्सुनामीचा तो आठवडा. देशाचं लक्ष किनाऱ्यावर. १ जानेवारी २००५ पासून जागतिक व्यापार करारानुसार औषधांवर पेटंट देणं भारताला भाग होतं, म्हणून सरकारने वटहुकूम काढला. सही अर्थातच राष्ट्रपतींची, कलामांची. मंत्रिमंडळाचा सल्ला घटनेने मानावा लागतो. वर्तमानपत्रांत चर्चा औषधांची. ती असायलाच हवी होती, लोकांच्या जिवाचा प्रश्न होता. पण त्याच वटहुकुमात ३(के) गुपचूप बदललं गेलं होतं. नवीन शब्द असे: निव्वळ प्रोग्रामला पेटंट नाही, मात्र त्याचा उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरशी संयोग वगळून.

हार्डवेअरशी संयोग! हार्डवेअरशिवाय चालणारा प्रोग्राम कुणी बघितलाय का? हे म्हणजे दारूबंदी आहे, फक्त ग्लासातून पिणाऱ्यांना सूट, असं झालं.

करारात याची सक्ती होती का, तर प्रोग्रामला साहित्यकृतीसारखं कॉपीराइटचं संरक्षण द्या, एवढं त्यात स्पष्ट लिहिलंय. ते आपण दिलेलंच होतं. तरी हे घुसलं.

तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्या कार्यकर्त्यांनी आरडाओरडा केला. मूठभर लोक, पत्रकं काढली, खासदारांना गाठलं. सरकार डाव्या पक्षांच्या टेकूवर होतं आणि औषधांमुळे ते आधीच वटहुकुमावर खवळलेले. मार्च २००५ मध्ये विधेयक संसदेत आलं तेव्हा सॉफ्टवेअरचा तो बदल गाळलेला होता. ३(के) पुन्हा २००२ च्या शब्दांत. त्याच वर्षी ६ जुलैला युरोपच्या संसदेने सॉफ्टवेअर पेटंटकडे झुकणारा आपला प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. अमेरिकेत मात्र एव्हाना एका क्लिकमध्ये ऑर्डर देण्यावरही पेटंट मिळून गेलं होतं.

माझं त्या वेळी या कशाकडेच लक्ष नव्हतं, हे कबूल करतो. माझ्या दुकानात त्या मार्चमध्ये लग्नपत्रिकांची घाई होती.

भांडण संपलं असंही नाही. संसदेने जे नाकारलं ते नियमांच्या वाटेने परत परत येतं. ऑगस्ट २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या सैल आहेत म्हणून ओरड झाली, डिसेंबरमध्ये स्थगित झाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या आल्या: प्रोग्रामसोबत हार्डवेअरही नवीन असेल तरच विचार होईल. जून २०१७ मध्ये ती अट निघून गेली. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ च्या एका अर्जावर (१७ वर्षं!) म्हटलं की प्रोग्राममुळे 'तांत्रिक परिणाम' दिसत असेल तर नुसता प्रोग्राम म्हणून दार लावता येणार नाही. कायद्यातला एकही शब्द न बदलता रेघ इतक्या वेळा इकडून तिकडे सरकली.

असो. माझी सीडी राहिली.

कार्यवाहांना आठवडा मागून घेतला आणि शोधायला बसलो. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने ५२ व्या कलमात एक बारीक पोटकलम आलंय: प्रोग्राम कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याने, दुसरा स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती, ती सहज मिळत नसेल तर, काढून घेतली तर तो कॉपीराइटचा भंग नाही. मी वकील नाही, पण बिल माझ्याकडे आहे, आणि फाँटमधल्या कुठल्या चिन्हावर कुठला तुकडा बसवलाय हे समजून घ्यायला मला चोर व्हावं लागत नाही एवढं मला त्यातून कळलं. सीडीची गोष्ट घडायच्या एकच वर्ष आधी ही वाट कुणीतरी कायद्यात ठेवली होती.

जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर काही लोकांनी लिहून नेटवर मोकळे ठेवलेत. माझ्या फाँटचा तयार मिळाला नाही. जवळचा एक मिळाला, कोड खुला होता, म्हणून भाच्याने तक्ता बदलून तो आमच्यापुरता केला. बंद असता तर हात चोळत बसलो असतो. आणि निघालेला मजकूर मी लावला तो 'मुक्ता' फाँटमध्ये, मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला, ओपन फाँट लायसन्सखाली. तोही कॉपीराइटवरच उभा असलेला परवाना: वापरा, बदला, पुस्तकात घाला, फक्त नुसता फाँट वेगळा विकू नका आणि बदललेला फाँट त्याच परवान्याखाली ठेवा. लॉक नाही.

१२८ पानं निघाली. पहिली वेलांटी आणि रफार यांनी छळलं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर साठते. रफाराचं नेमकं उलटं. जिथे जोडाक्षरावर दोन्ही एकदम आलेत तिथे कन्व्हर्टर गडबडतो. 'मूर्ती'ची वाट लागत नाही, पण 'वार्षिक'ची लागते. हाताने दुरुस्त करतोय, रोज रात्री दहा पानं.

पण १२ पानांची एक फाइल कन्व्हर्टरलाही दाद देत नाही. ती त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकारात साठवलेली आहे, नुसता मजकूर बाहेर काढताच येत नाही. आजींच्या आठवणींची तीच. ती फक्त मूळ सॉफ्टवेअरमध्ये उघडेल, आणि सॉफ्टवेअर उघडेल ते लॉक लावलं तर.

तेव्हा विनंती. कुणाच्या माळ्यावर, एखाद्या बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, शाळेच्या अडगळीत विंडोज ९८ चा चालू संगणक असेल, मागे प्रिंटरचं जुनं २५ पिनांचं पोर्ट असलेला, तर मेसेज करा. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, कुठेही असो, मी स्वतः येतो. मशीन न्यायचं नाही, तिथेच बसून काम करीन. लॉक, बिल आणि सीडी घेऊन येईन. अंक छापायला जायला अजून पाच आठवडे आहेत.